बिबट्या आला आणि कुत्री गप्प झाली

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये आमच्या उल्कानगरी भागात बिबट्या फिरताना सीसीटीव्हीत दिसला, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत. एरवी रात्री परकं कुत्रं दिसलं की सगळी कॉलनी जागी करतात. त्या पहाटे मात्र एकही भुंकलं नाही. दूध आणायला मी दार उघडलं, तर त्यातला शेरू, ज्याला आम्ही रोज भाकरी घालतो, तो जिन्याखाली फरशीला चिकटून बसलेला. हाक मारली तरी जागचा हलेना. त्यानंतर कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटकडे तो जातच नाही. तिथून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जातो. माझा मुलगा म्हणतो, शेरू भित्रा निघाला. मला ते पटत नाही. भ्यायलेला प्राणी पळतो, मग हा पुतळ्यासारखा का बसला? हे सगळं मेंदूत नेमकं कुठे ठरतं? आणि त्याची ती भीती कधी जाईल का?
— एक वाचक, उल्कानगरी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शेरू भित्रा नाही, एवढं मुलाला आधी सांगून टाका, कारणं सावकाश सांगता येतील. बिबट्यापासून जपून राहायला कुत्र्याइतकं सबळ कारण क्वचितच कुणाकडे असेल. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात उसाच्या आणि वस्त्यांच्या मधोमध राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी त्यांचा वाटा बराच कमी. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं बाहेर असतं. तेव्हा त्या पहाटे शेरू ज्या प्राण्याच्या वाटेत होता, त्याच्या दृष्टीने शेरू म्हणजे सहज मिळणारं जेवण होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, पळण्याऐवजी तो बसून का राहिला. मराठीत भीतीचे शब्दप्रयोग मोजायला घेतले तर गंमत दिसते. माणसाची दातखिळी बसते, बोबडी वळते, पाचावर धारण बसते, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो, पाय लटपटतात. दुसरा कुणी धूम ठोकतो. मांजर कोंडलं तर अंगावर येतं. हे सगळं आपण ‘भीती’ या एका शब्दाखाली घालतो, पण भाषेने प्रत्येकासाठी वेगळा शब्दप्रयोग ठेवला आहे. मेंदूचा अभ्यास करणारे गेल्या शंभर वर्षांत फिरत फिरत जवळजवळ याच ठिकाणी पोहोचले: थिजणं, पळणं, उलटून चावणं या वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि मेंदूत त्यांच्या वाटाही बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. त्यातली कोणती वाट उघडायची, हे मुख्यतः संकट किती जवळ आहे आणि सुटायला जागा आहे का, यावर ठरतं.

हवाई विद्यापीठात रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड या जोडप्याने रानातून पकडलेल्या उंदरांवर जे प्रयोग केले, ते मला या विषयातले सर्वांत बोलके वाटतात. लांबलचक बोळात उंदीर सोडायचा आणि माणसाने सावकाश त्याच्याकडे चालत जायचं. बोळ मोकळा असेल तर उंदीर पळतो. बोळ बंद केला तर तोच उंदीर थिजतो आणि येणाऱ्याकडे रोखून बघत राहतो. माणूस अगदी अर्ध्या मीटरवर आला की मात्र थिजणं संपतं. उंदीर किंचाळतो, उडी घेतो आणि चावतो. उंदीर तोच, माणूस तोच. बदललं ते फक्त अंतर आणि वाट. पुढे मायकेल फॅन्सेलो यांनी याचीच पायरी-पायरीने मांडणी केली. शिकारी आसपास असू शकतो पण दिसत नाही, ही एक पायरी. तिथे प्राणी नुसता जपून वागतो. शिकारी जाणवला पण त्याने अजून आपल्याला हेरलेलं नाही, ही दुसरी. इथे थिजणं कामाचं. झडप पडायच्या बेतात आहे, ही शेवटची. इथे पळ किंवा चाव.

शेरू दुसऱ्या पायरीवर होता. शिकाऱ्याची नजर हालचाल लगेच टिपते, आणि भुंकणं म्हणजे तर अंधारात आपला पत्ता ओरडून सांगणं. टिटवीची पिल्लं पाहिली आहेत का? आपल्याकडे माळरानावर, तळ्याच्या काठाला दिसतात. आईबापांनी ‘टिटीव टिटीव’ करून आभाळ डोक्यावर घेतलं की पिल्लू जिथे असेल तिथे खाली बसतं, आणि मग दोन पावलांवरूनही ते ढेकळांत ओळखू येत नाही. त्या एवढ्याशा पिल्लाला आपण भित्रं म्हणत नाही.

थिजलेला प्राणी आतून निपचित नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. स्नायू ताणलेले असतात, श्वास उथळ, कान-नाक पूर्ण कामाला लागलेले. आणि काळीज धडधडत असेल असं आपल्याला वाटतं, तर पुष्कळदा ते उलट मंदावतं. हरणाच्या पाडसांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. एकाच वेळी पायडल आणि ब्रेक दोन्ही दाबून धरल्यासारखी ही अवस्था असते. तुमच्या हाकेला शेरूचा प्रतिसाद आला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष दुसरीकडे गुंतलेलं होतं.

आता मेंदूत शिरू. शेरूचा मेंदू कुणी उघडून पाहिलेला नाही आणि पाहूही नये. पण ज्या भागांबद्दल मी सांगणार आहे ते उंदीर, मांजर, माकड, कुत्रा आणि माणूस या सगळ्यांत आहेत, आणि त्यांची ठेवणही बरीचशी सारखी आहे.

मानेच्या बाजूने वर गेलं तर मेंदूच्या देठात, मध्यमेंदूत, एक बारीक नाळ असते, तिच्यातून मेंदूतलं पाणी वाहतं. तिच्याभोवती करड्या रंगाच्या चेतापेशींचं अस्तर आहे. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, आपण त्याला ‘करडं अस्तर’ म्हणू. या अस्तराच्या पाठीकडच्या भागात विजेचा बारीक झटका दिला की प्राणी समोर काहीही नसताना उड्या मारत पळत सुटतो. खालच्या बाजूच्या भागात दिला तर तोच प्राणी जागच्या जागी थिजतो. पळण्याचे आणि थिजण्याचे हुकूम जिथून स्नायूंकडे सुटतात, ती ही जागा. त्या पहाटे शेरूच्या बाबतीत खालचा भाग बोलत होता.

अस्तराच्या छपरावर, त्याच मध्यमेंदूत, दोन टेकाडं आहेत. डोळ्यांकडून आलेली खबर तिथे पोहोचते, आणि त्यातही डोक्यावरून काही झेपावत येत असेल तर विशेष. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये उंदराच्या पेटीवर पडदा टांगून त्यावर एक काळी तबकडी झपाट्याने मोठी होत गेलेली दाखवली. घार वरून सूर मारते तेव्हा जसं दिसेल, तसंच. उंदीर क्षणात आडोशाला पळाले किंवा थिजले. पुढे असंही दिसलं की लहान ठिपका आभाळातून नुसता सरकत गेला, म्हणजे घार दुरून घिरट्या घालतेय तसा, तर उंदीर बहुतेक वेळा थिजतात. ठिपका झेपावत मोठा होत आला तर पळतात. सलीम अली सरोवराच्या काठावर सकाळी उभं राहिलात तर घारीची सावली पाण्यावरून सरकताना पाण्यातली पाखरं काय करतात, तेही एकदा निरखून बघा.

लंडनमध्ये टियागो ब्रँको यांच्या प्रयोगशाळेने याच्याही पुढचं पाहिलं. पेटीत एका टोकाला आडोसा असेल आणि उंदराने तो फक्त एकदा, काही सेकंद पाहिलेला असेल, तरी काळी तबकडी दिसताच तो आठवणीने सरळ तिकडेच पळतो. आडोसाच नसेल तर तोच उंदीर थिजतो. म्हणजे पळायचं की थिजायचं, हे ठरवताना मेंदू ‘जायला जागा आहे का’ हे आधी विचारतो. २०१८ मध्ये त्यांनी या निर्णयाची जागाही दाखवली. टेकाडातल्या पेशी धोक्याची खबर साठवत जातात, पण करड्या अस्तराशी त्यांचा सांधा मुद्दाम कच्चा ठेवलेला आहे. थोड्याथोडक्या खबरीने तो पेटत नाही. धोका एका मर्यादेपलीकडे गेला की मगच पळण्याचा हुकूम सुटतो. मला ही रचना फार सुंदर वाटते. ती नसती तर प्रत्येक सावलीला पळून पळून उंदीर उपाशी मेला असता.

आणि बदामाएवढा तो प्रसिद्ध अमिग्डाला? भीती म्हटलं की वर्तमानपत्रांत हमखास त्याचं नाव येतं. त्याची प्रसिद्धी १९३०च्या दशकात सुरू झाली. शिकागोत क्लूव्हर आणि ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचे कानशिलाकडचे दोन्ही भाग काढून टाकले, तर ज्या माकडांना साप पाहून घाम फुटायचा ती साप हातात घेऊ लागली. १९५६ मध्ये वाइसक्रान्ट्झ यांनी दाखवलं की त्यातला महत्त्वाचा तुकडा अमिग्डाला आहे. १९८०च्या दशकात जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून लगेच पायाला हलका झटका द्यायला सुरुवात केली. दोन-चार वेळा झालं की नुसत्या आवाजानेच उंदीर थिजतो. आवाज कानातून मध्यंतरीच्या एका ठाण्यावर, थॅलॅमसमध्ये, येतो आणि तिथून दोन वाटांनी अमिग्डालात जातो. एक वाट मोठ्या मेंदूच्या वरच्या थरातून, सगळं नीट तपासून. दुसरी थेट, अर्धवट ओळखीवर. वरचा थर काढून टाकला तरी उंदीर आवाजाला भिणं शिकतो. थॅलॅमसच निकामी केला तर शिकत नाही. अंधारात दोरीला साप समजून आपण आधी मागे उडी मारतो आणि मग दोरी ओळखतो, ते असं.

पण अमिग्डाला म्हणजे भीतीचं घर, असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक बाई आहे. एका दुर्मीळ आजारात तिच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला गळून गेले. ती दुकानात जिवंत साप कुतूहलाने हातात घेते, भुताच्या खेळघरात हसते. २०१३ मध्ये तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला दिला, आणि ती जीव घाबराघुबरा होऊन मदत मागू लागली. बाहेरच्या धोक्याची ओळख गेली होती, पण गुदमरण्याची भीती दुसऱ्या वाटेने शिल्लक होती.

तुमच्या कुत्र्यांच्या गप्प राहण्याबद्दल सर्वांत जास्त सांगणारा भाग थॅलॅमसच्या खाली आहे, हायपोथॅलॅमस. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूत बारीक तार सोडून या भागाला विजेने डिवचलं, तर शांत बसलेलं मांजर पाठ कमानीसारखी करून, केस फुलवून फिस्कारू लागलं. त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. पुढे ब्राझीलच्या न्यूटन कँतेरास यांनी दाखवलं की उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये शिकाऱ्यासाठी राखून ठेवलेली पेशींची एक साखळी आहे. तिची शेवटची कडी तोडली की उंदराला मांजराची भीती उरत नाही. आणि २०१३ मध्ये रोमजवळच्या एका प्रयोगशाळेत असं आढळलं की शिकारी समोर आल्यावर जो कोपरा जागा होतो, त्याच्या शेजारचा वेगळा कोपरा दांडग्या उंदराची भीती सांभाळतो. भाऊबंदांची भीती आणि खाणाऱ्याची भीती मेंदूने वेगळ्या खोल्यांत ठेवली आहे.

आता तुमची चार कुत्री आठवा. परक्या कुत्र्यावर भुंकणं म्हणजे आपसातलं भांडण आहे: ही हद्द आमची, आम्ही चौघं आहोत. तिथे आवाज करण्यातच फायदा. बिबट्या हा हद्दीचा वाद घालायला आलेला नसतो. माझ्या मते त्या पहाटे त्यांच्या मेंदूत दुसरी खोली उघडली, आणि त्या खोलीत भुंकण्याला जागाच नव्हती. बिबट्या त्यांनी डोळ्यांनी पाहिला असेलच असंही नाही, नाकानेच काम भागलं असेल. मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात मुबलक असणारं एक द्रव्य २०११ मध्ये वेगळं काढून उंदरांपुढे ठेवलं होतं. पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेले, मांजराचं तोंडही न पाहिलेले उंदीर त्यापासून दूर सरकले.

काही कुत्री बिबट्यावर भुंकतात, हेही खरं. मालकाचा आवाज मागे असेल, अंगणाला दार असेल, सोबती जास्त असतील, तर हिशेब बदलतो.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण तुमच्या पत्रात त्या पहाटेच्या दुसऱ्या प्राण्याच्या भीतीबद्दल काही नाही. बिबट्यालाही हेच करडं अस्तर असतं, हीच टेकाडं, हाच हायपोथॅलॅमस. डिसेंबर २०१९ मध्ये सिडको एन-१ मध्ये बिबट्या शिरला होता. काही तासांनी वनविभागाने बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं. वस्तीत शिरलेला बिबट्या बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर असतो: झुडपात, जिन्याखाली, गाडीमागे पोट जमिनीला टेकवून, अगदी शेरूसारखा. दिवसभर त्याला तसंच बसू दिलं तर अंधार पडल्यावर तो आला तसा निघून जाण्याची शक्यता मोठी. मग आपण गच्च्यांवर चढतो, मोबाइल काढतो, शिट्ट्या वाजवतो, तो पळाला की मागे धावतो. प्रत्येक वेळी एक वाट बंद होते आणि अंतर कमी होतं. म्हणजे ब्लँचर्ड दांपत्याने बंद बोळात उंदरावर जे केलं, ते आपण मोठ्या जनावरावर, भर वस्तीत करतो. शेवटच्या पायरीला तो कुणाच्या तरी अंगावर जातो, आणि ‘हल्ला केला’ अशी बातमी होते. शिवाय बिथरलेल्या जनावराला भूल लवकर चढत नाही, हे पशुवैद्यांना नीट ठाऊक आहे; शरीरात उसळलेली रसायनं औषधाच्या आड येतात. बंदूकधारी वनरक्षक जेव्हा गर्दीला मागे सरा म्हणून हात जोडतो, तेव्हा तो त्या जनावराच्या मेंदूला एक मोकळी वाट मागत असतो. मागे सरावं.

मुलगा हेही विचारेल: शेरूला खरंच भीती ‘वाटली’ का? यावर लेडू यांनीच अलीकडे सावध केलं आहे. ज्यांनी आयुष्य या वाटा शोधण्यात घालवलं, ते म्हणतात की या संरक्षणाच्या वाटा आहेत. आपल्याला आतून जी भीती जाणवते ती घडवायला मेंदूचे आणखी भाग लागतात, आणि ती जाणीव उंदराला कशी असते हे थिजण्यावरून सांगता येत नाही. शास्त्र म्हणून हा संयम मला योग्य वाटतो. घरात मात्र शेरूला भीती वाटली असं म्हणायला काहीच हरकत नाही. जिन्याखाली आकसलेल्या जिवाशी कसं वागायचं, हे त्या शब्दाने पटकन कळतं.

राहिला तो कोपऱ्यावरचा प्लॉट. जागेची आठवण हिप्पोकॅम्पस नावाचा भाग जपतो. लेडू यांच्या उंदरांत हिप्पोकॅम्पस निकामी केला तर ते आवाजाला भीत, पण ज्या पेटीत झटका बसला त्या पेटीला भीत नसत. शेरूच्या डोक्यात तो प्लॉट, तिथला वास आणि ती पहाट यांची गाठ पडली आहे. बिबट्या तिथूनच गेला असेल, किंवा तिथे बसला असेल. तुमच्या सीसीटीव्हीला जे दिसलं नाही ते शेरूच्या नाकाने टिपलं असेल.

ही गाठ सुटते का? पुसली जात नाही, पण तिच्यावर दुसरी गाठ मारता येते. आवाज पुन्हा पुन्हा आला आणि झटका बसला नाही, तर उंदीर हळूहळू थिजणं सोडतो. तेव्हा जुनी आठवण तशीच असते. कपाळामागचा मेंदूचा भाग ‘आता इथे काही होत नाही’ हे नवं शिकतो आणि अमिग्डालाला आवरून धरतो. म्हणूनच अशी भीती महिन्यांनंतर एखाद्या पहाटे परत उसळते, आणि लोकांना वाटतं की सगळी मेहनत वाया गेली. ती गेलेली नसते.

जबरदस्ती मात्र करू नका. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस जखडून ठेवलं, तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या आणि अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. त्यानंतर उंदरांना तीन आठवडे सुखाने राहू दिलं. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डालाची वाढ तशीच राहिली. गळ्यात दोरी अडकवून शेरूला त्या प्लॉटवर ओढत नेलं, तर सुटायला वाट नाही ही जाणीव तेवढी पक्की होईल.

त्यापेक्षा त्याला रस्ता ओलांडू द्या. दुपारच्या उजेडात, प्लॉटपासून तो जिथवर निर्धास्त येतो तिथे उभं राहून भाकरीचा तुकडा द्या. पाच-सात दिवस तिथेच. मग चार पावलं पुढे. तो थांबला, कान मागे गेले, शेपूट पायांत गेलं, तर मागे फिरा आणि उद्या परत त्याच जागी. बाकीची तीन कुत्री प्लॉटवर जात असतील तर त्यांना सोबत घ्या. सोबत्याच्या निवांतपणाने प्राण्याची भीती बरीच खाली येते. यात तुमच्या मुलाला घाला, भाकरी त्याच्या हातून जाऊ दे. आणि सगळं जमल्यावरही एखाद्या पहाटे शेरू प्लॉटपाशी थबकला आणि पुन्हा पलीकडे वळला, तर त्याला हाक मारू नका. त्या दिवशी दूध आणायला जरा उजाडल्यावरच जा.